निळा, तपकिरी आणि बबनआबा

लोहगडवाडीत बबनआबांच्या टपरीवर पाटी आहे : ‘मासे आहेत. खायला मिळणार नाहीत.’ पाटीखाली हातभर लांबीचे दोन प्लॅस्टरचे मासे, एक निळा, एक तपकिरी. गणपती रंगवणाऱ्या भाच्याकडून करून घेतलेले, त्यामुळे दोघांचे डोळे भलतेच प्रेमळ.

गडावर निघालेला पाहुणा कांदाभजी मागतो. आबा घाणा सोडतात आणि विचारतात, “सांगा, ह्या दोगांत फरक काय?”

“रंग.”

“रंग तर श्येंबडं पोरबी सांगंल!”

मग व्याख्यान. दोघांचं नाव सीलाकांथ. निळा आफ्रिकेच्या बाजूचा, तपकिरी इंडोनेशियाचा. दिसायला सख्खे भाऊ, पण वेगळे होऊन युगं लोटली. पोहायचे पर पायांसारखे, अंडी न घालता थेट पिल्लं. “अन् खाल्ला तर पोट बिगडतं,” हे गिऱ्हाइकाच्या तोंडात भजं असतानाच सांगायचं. शेवट ठरलेला : “शास्त्रज्ञांनी डायनासोरसंगं त्येला मेलेला धरलेला. मेला न्हवता. खोल पाण्यात हुता, येवढंच!” तोवर पुढचा घाणा करपलेला असतो.

मी लोणावळ्याचा मास्तर. दर रविवारी गड चढायला येतो, म्हणजे भजी खायला येतो. मला करपलेलीच आवडतात असा आबांचा समज आहे आणि मी तो कधी मोडला नाही.

दोघांतला एकच मासा रस्त्याकडे तोंड करून असतो, दुसरा भिंतीकडे. का, म्हणून विचारलं तर, “आज त्येची पाळी.” मला तो निव्वळ चक्रमपणा वाटायचा.

एका रविवारी दोन्ही मासे भिंतीकडे. भजी चक्क सोनेरी, कारण आबा बोललेच नाहीत. मी बशी खाली ठेवली. त्यांच्या बायकोने, मावशींनी, मला बाजूला घेतलं. “सुनीलचा फोन न्हाई, सर. बारा दिस झालं.”

सुनील त्यांचा मुलगा, मालवाहू जहाजावर फिटर. माशांचं वेड त्यानेच फोनवर चित्रं पाठवून लावलेलं. “जहाज आफ्रिकेकडं असलं की ह्ये निळा फिरवत्यात, इंडोनेशियाकडं असलं की तपकिरी,” मावशी म्हणाल्या. “आता कुटला फिरवायचा?”

तो आठवडा शाळेत माझं लक्ष लागलं नाही. पुढच्या रविवारी वळणावरूनच मान उंचावून पाहिलं. तपकिरी रस्त्याकडे! मी धापा टाकत बाकावर बसलो. लेकीच्या दहावीच्या निकालालाही माझा जीव एवढा भांड्यात पडला नव्हता.

“फोन आला?”

“व्हय. जहाजावरचं फोनचं यंत्र बिगडलं हुतं. बोलाया दोनच मिंटं मिळाली.”

“मग काय विचारलंत?”

“तपकिरी दिसला का, म्हनलं.” आबांनी झारा खाली ठेवला. “हसला, सर. त्येचं हसणं ऐकायचं हुतं. दुसरं काय इचारनार?”

तेवढ्यात पुण्याची पोरं आली आणि पाटीला हसली. आबा लगेच उभे राहिले. फरक, रंग, पोट, सगळं झालं. “मेला न्हवता,” म्हणाले आणि अडकले.

“खोल पाण्यात होता, एवढंच,” मी म्हणालो.

कढईतून करपल्याचा वास आला. मावशी शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी भजी करपू दिली.