चौगलेअण्णांचा फटका

आमचे चौगलेअण्णा माशी मारण्याआधी तिचा पुकारा करतात.

माशी टेबलावर बसली की अण्णा हातातला फटका मागे घेतात, घसा साफ करतात आणि भरल्या कोर्टाच्या व्हरांड्यात शेवटपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणतात, "माशी हाजिर हाय काय?" असं तीनदा. तिसऱ्या पुकाऱ्याला फटका खाली येतो. अण्णांची सगळी हयात कोर्टात पट्टेवाल्याच्या नोकरीत गेली. पुकारा न करता कुणाला शिक्षा झालेली त्यांनी पाहिलेली नाही, आणि आता पेन्शनीत निघालो म्हणून कायदा मोडायची त्यांची तयारी नाही. मी एकदा म्हटलं, अण्णा, तीन पुकारे होईपर्यंत माशी उडून जाते की. तर म्हणाले, उडाली म्हणजे फरारी झाली, मग वॉरंट निघतं. वॉरंट म्हणजे फटका घेऊन घरभर पाठलाग.

मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत अण्णांचं घर माझ्या घराला लागून. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला. तो दर रविवारी फोन करून विचारतो, "काय चाललंय?" आणि अण्णा खरं तेच सांगतात, "माशा मारतोय." सुरुवातीला मुलाला वाटलं, वडील रुसलेत. तो रजा टाकून पुण्याहून धावत आला, तर वडील स्वयंपाकघरात स्टुलावर उभे राहून ट्यूबलाइटवरच्या माशीला दुसरा पुकारा देत होते.

अण्णांच्या हिशेबी किड्यांचे सुद्धा खटले वेगवेगळे. डास रक्त काढतो म्हणून तो फौजदारी. माशी नुसतीच येऊन बसते, म्हणजे अतिक्रमण, म्हणून दिवाणी. आणि झुरळ म्हणजे कूळ. एकदा आत शिरलं की कायद्यानं सुद्धा निघत नाही.

पण त्यांचा खरा अभ्यास फटक्याचा. दुकानदार त्याला माशीमार म्हणतात, माझी बायको सुनंदा जाळी म्हणते, अण्णा फटकाच म्हणतात. फटका कसा असावा याविषयी त्यांची मतं ठाम आहेत. पानाला भोकं पाहिजेत, नाहीतर आधी वारा जातो आणि तो माशीला खबर देतो. दांडी वेताची, ताठ. मऊ दांडी मारताना मागं राहते, मग फटका उशिरा पोचतो. पान चामड्याचं, आणि ते सुद्धा जुन्या चपलेचं. नवं चामडं फार आवाज करतं म्हणे. त्यांचा स्वतःचा फटका त्यांनी पापाच्या तिकटीवरच्या एका चांभाराकडून बनवून घेतला होता. चांभारानं तीनदा विचारलं, नक्की चप्पलच नको ना? अण्णांनी त्याला भोकांचा नकाशा खडूनं फरशीवर काढून दाखवला.

मी एकदा करंटची रॅकेट आणली. बटण दाबायचं, फिरवायची, तडतड असा आवाज येतो आणि काम संपतं. अण्णा ती बघायला आले. हातात घेऊन उलटीसुलटी केली, वास घेतला, आणि मी नको नको म्हणेपर्यंत जाळीला बोट लावलं. तडतड झालं, अण्णांनी हात झटकून बोट तोंडात घातलं. मग रॅकेट माझ्या हातात देऊन म्हणाले, "सायेब, ह्यात अपिलाला जागा न्हाय."

एवढ्या माशा यायच्या कुठून, तर भिंतीपलीकडून. अण्णांच्या परसाला लागून मारुती गवळ्याचा गोठा. कोल्हापुरात पेठेच्या मध्यभागी म्हशी असणं यात नवल काही नाही, पण मारुतीच्या म्हशी अण्णांच्या न्हाणीच्या खिडकीपासून हाताच्या अंतरावर रवंथ करायच्या. रोज सकाळी अण्णा मेलेल्या माशा कागदावर घेऊन भिंतीशी जायचे आणि हाक मारायचे, "मारत्या, तुजी पोरं खर्ची पडली रं." धार काढता काढता मारुती मान वर न करता सांगायचा, माझी नव्हंत, म्हशीची हायत, वारस म्हणून तिलाच विचार. मग अण्णा त्याच्या बापाचं नाव काढायचे, तो अण्णांच्या खाकी नोकरीचं काढायचा. आवाज एवढा चढायचा की गल्लीत नवीन आलेलं बिऱ्हाड पोलिसांना फोन करायच्या बेतात असायचं. या सगळ्यात मारुतीनं कधीतरी भिंतीवर फेसाळ दुधाचा गरम पेला ठेवलेला असायचा. अण्णा तो उभ्यानं संपवायचे, पांढऱ्या मिशा पुसायचे आणि दुधात पाणी आहे असं जाहीर करून घरात यायचे. अण्णांच्या दृष्टीनं मारुती हा आरोपी नंबर एक. त्याचं खरं नाव ते फक्त हाक मारायला वापरायचे.

साहजिकच, गल्लीतल्या लोकांनी गोठ्याविरुद्ध महापालिकेत अर्ज द्यायचं ठरवलं तेव्हा पहिली सही अण्णांचीच घ्यायची असं सर्वांनी धरून ठेवलं होतं. कोपऱ्यावरच्या बंगल्यातले देसाईसर अर्ज घेऊन आले. बरोबर साक्षीला म्हणून मी. सरांनी अर्ज मोठ्यानं वाचून दाखवला. आरोग्यास धोका, दुर्गंधी, माशांचा उपद्रव, सगळं व्यवस्थित होतं. वाचता वाचता एक माशी आली आणि सरांच्या गुडघ्यावर बसली. अण्णांचा हात आपोआप फटक्याकडे गेला.

"हाजिर हाय काय?" अण्णा गरजले.

"आहे ना," सर म्हणाले. त्यांना वाटलं, अर्जाची प्रत बरोबर आहे का असं विचारताहेत.

मी सरांना सावध करणार होतो, पण तोवर तिसरा पुकारा झाला. सरांच्या पांढऱ्या पँटवर चपलेच्या चामड्याची नक्षी उठली. माशी फरारी झाली. सर उठून उभे राहिले, पण भला माणूस, त्यांनी तशातही पेन पुढे केलं. अण्णांनी पेन घेतलं, टोपण लावलं आणि परत दिलं. म्हणाले, माशा माझ्या घरात येतात, तक्रार माझी, आणि माझी तक्रार रोज सकाळी भिंतीवर चालू आहे. चालू खटल्यात तिसऱ्यानं पडायचं नसतं.

सर बाहेर आल्यावर कपाळाशी बोट फिरवत मला म्हणाले, हा माणूस जरा हाच आहे. मी मान हलवली. गुडघ्याकडे बघायचं टाळलं.

अर्जाचं पुढे काही झालं नाही. तो द्यायची वेळच आली नाही. मारुतीच्या मुलांनीच जागा बिल्डरला दिली. म्हशी काही विकल्या, उरलेल्या मुरगूडजवळ मारुतीच्या मुलीच्या शेतावर नेल्या, आणि म्हशींबरोबर मारुतीही गेला. टेम्पोत म्हशी चढवताना गल्ली बघायला जमली होती. अण्णा बाहेर आले नाहीत. आतून फक्त त्यांचा आवाज आला, "शेपूट सांभाळ रं, दारात अडकंल." कुणाची शेपूट, हे कळलं नाही.

मग गोठा पाडला, शेण उचललं, जागेवर पत्र्याचं कुंपण आलं. आणि एका आठवड्यात गल्लीतल्या माशा गेल्या. सुनंदा तर खुश होती. तिनं कित्येक वर्षांनी श्रीखंड झाकण न ठेवता टेबलावर ठेवलं. मला वाटलं, अण्णांना शांतता मिळाली. पण एके दिवशी सुनंदा परसातून कपडे काढून आली आणि हळूच म्हणाली, अहो, अण्णांनी खिडकीत गुळाचा खडा ठेवलाय. मी डोकावून बघितलं. खिडकीच्या कट्ट्यावर गूळ, आत खुर्ची, खुर्चीत अण्णा आणि मांडीवर फटका. मुंग्या आल्या होत्या. मुंगीचा खटला अण्णा चालवत नाहीत.

त्या पावसाळ्यानंतर एकदा अण्णा माझ्याकडे आले आणि म्हणाले, सायेब, फटका घ्यायचाय, चला. मी विचारलं, जुना मोडला काय? ते म्हणाले, न्हाय. एवढंच. माझी सुट्टी होती, गेलो.

महाद्वार रोडच्या एका प्लास्टिकच्या दुकानात आम्ही शिरलो. दुकानदारानं लाल, हिरवे, पिवळे फटके समोर टाकले आणि कुठलाही घ्या, सगळे सारखेच म्हणाला. हे वाक्य अण्णांसमोर बोलायचं नसतं. त्यांनी स्टूल मागून घेतलं, बसले, आणि खिशातून कागदाची पुडी काढून गुळाचा खडा काउंटरवर ठेवला.

"काका, दुकानात माशा न्हाईत हो," दुकानदार म्हणाला.

अण्णांनी त्याला हातानं थांबायची खूण केली. बाहेर फळांच्या गाड्या होत्या. थोड्या वेळात माशा आल्या. गिऱ्हाइकंही थांबली, काय चाललंय बघायला. अण्णांनी एकेक फटका घेऊन बघायला सुरुवात केली, आणि मी चक्रावलो. नेहमी ताठ दांडी मागणारा माणूस ताठ दांडीचे फटके बाजूला टाकत होता. हलका, लांब दांडीचा, मोठ्या पानाचा हवा होता. मूठ जाड हवी म्हणाले. दुकानदारानं मूठ पातळ असलेला दिला तर त्याच्यावर सायकलच्या हँडलचं रबर चढवता येईल का विचारलं. आणि मारून बघत होते ते डाव्या हातानं. उजवा हात मांडीवर निपचित ठेवलेला, डावा खांद्याच्या वर उचलायचा नाही, नुसत्या मनगटानं फटका टाकायचा. पुकारा नाही, काही नाही. एकही माशी लागली नाही. उलट दुकानदाराचा कॅल्क्युलेटर खाली पडला, पेनांचा डबा लवंडला, आणि एक फटका थेट एका बाईंच्या पिशवीतल्या कोथिंबिरीत गेला. बाई म्हणाल्या, ओ पावणं, घरी कुणी मारायला न्हाय काय? सगळं दुकान हसलं. अण्णासुद्धा हसले, पण फटका सोडला नाही. शेवटी पिवळ्या रंगाचा एक पसंत पडला. तोही त्यांनी मला डाव्या हातानं चालवायला लावला, डोळे मिटून माझ्या मनगटाचा आवाज ऐकला, आणि मगच घेतला.

परत येताना त्यांनी विचारलं, तुमच्या बँकेची मुरगूडला शाखा हाय न्हवं? मी म्हटलं, आहे, गुरुवारी तपासणीला जायचंय. "मग मी बी येतो," अण्णा म्हणाले. "मोकळीच हाय की गाडी."

गुरुवारी आम्ही निघालो. अण्णांनी कोर्टात असताना घालायचे तसा कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. मागच्या सीटवर फटका, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. मुरगूडच्या अलीकडे एका फाट्यावर त्यांनी गाडी वळवायला सांगितली. उसातून रस्ता आत जात होता. पत्र्याची शेड, पुढे म्हशी, आणि शेडच्या दारात बाजेवर मारुती.

मी त्याला ओळखलंच नाही. अर्ध्यानं वाळला होता. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. लेक बाहेर आली, तिनं सांगितलं की उन्हाळ्यात लकवा मारला, बोलणं तुटक येतं, दिवसभर इथंच बसतात, अण्णांना फोनवर सगळं कळवलं होतं. माझं लक्ष त्याच्या तोंडाकडे गेलं. ओढलेल्या ओठाच्या कोपऱ्यात एक माशी बसली होती. मारुतीनं मान हलवली, ती उडाली आणि पुन्हा तिथंच येऊन बसली.

अण्णा बाजेवर त्याच्या डाव्या बाजूला बसले. कागद सोडला, पिवळा फटका काढला आणि त्याच्या डाव्या हाताची बोटं एकेक करून मुठीवर बसवली. मूठ जाड का हवी होती, ते मला तेव्हा कळलं.

"खांदा उचलू नगो," अण्णा म्हणाले. "नुसतं मनगट."

मारुतीनं मारला. फटका अण्णांच्या इस्त्रीच्या शर्टावर बसला. मारुती त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या तोंडातून मोठ्या कष्टानं शब्द निघाले, "दुधात... पानी न्हवतं."

"व्हतं," अण्णा म्हणाले. "परत मार."

मी बँकेत गेलो. संध्याकाळी परत आलो तेव्हा दोघं तसेच बसले होते. लेकीनं सांगितलं, दुपारभर नुसती भांडणं चालली होती, बाबा एवढं महिन्यात बोलले नव्हते. बाजेखाली दोन-तीन माशा पडल्या होत्या. त्या कुणी मारल्या हे मी विचारलं नाही. निघताना मारुतीनं फटका उचलला, निरोपासाठी असावा. अण्णांनी वळून बघितलं नाही.

आम्ही कागल ओलांडलं. बाहेर अंधारायला लागलं होतं. अण्णा काचेतून बाहेर बघत म्हणाले, "सायेब, तुमची तपासनी झाली व्हय मुरगूडची?"

तपासणी झाली होती. कागदांवर सह्या झाल्या होत्या, वर्षभर तिकडे जायचं कारण नव्हतं.

"कुठली झाली," मी म्हटलं. "परत यावं लागतंय पुढच्या गुरुवारी."