रॅमचा भाव आणि साळवीबाई

महागाई वाढली म्हणून शेजाऱ्यांना चहा पाजणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या मजल्यावरच्या साळवीबाई. कांदा वाढला, गॅस वाढला, तर त्याही चारचौघींसारखी बोटं मोडतात. पण कॉम्प्युटरच्या रॅमचा भाव चढला, की यांच्या चेहऱ्यावर दिवाळी. "देसाई, परत वाढली हो!" म्हणत आमचं दार वाजवायच्या आणि आल्याच्या चहाला घेऊन जायच्या. बरं, बाईंचं कॉम्प्युटरचं दुकान आहे म्हणावं, तर तसंही नाही. उलट रॅम त्यांना स्वतःलाच विकत घ्यायची होती.

साळवीबाई कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. नोकरी सुटली, पण सवय सुटली नाही. परगावी तीन मिनिटांचा ट्रंक कॉल लावणाऱ्यांना विचारायच्या तसं त्या अजून कोणालाही विचारतात, "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" दूधवाल्याला विचारतात, सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारतात. एकदा सत्यनारायणाच्या गुरुजींना तिसऱ्या अध्यायात विचारलं होतं. गुरुजींनी उरलेली कथा धापा टाकत संपवली.

मिस्टर साळवी गेल्यापासून बाई एकट्याच असतात. मुलगा नितीन ठाण्याला, बाळकुमच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये राहतो. कल्याण ते बाळकुम म्हणजे काही सातासमुद्रापार नव्हे. पण तो येतो गणपतीला आणि वडिलांच्या श्राद्धाला. बाकी वर्षभर फोनवर.

तर अशा या बाईंनी एक दिवस जाहीर केलं, "मी कॉम्प्युटर करतेय." बांगड्या करतात, पाटल्या करतात, त्याच चालीवर.

"अहो, तयार का नाही घेत?" आमच्या हिने विचारलं.

"तयार घेतला की संपलंच की हो," बाई म्हणाल्या. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

सगळ्यात आधी त्यांनी आणला कॅबिनेट, म्हणजे वरचा रिकामा खोका. जाणकार माणसं तो शेवटी घेतात म्हणे. बाईंचं म्हणणं, आधी घर, मग माणसं. त्या दसऱ्याला त्यांनी त्या खोक्याला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं आणि आत आपट्याचं पान ठेवलं. अख्खी बिल्डिंग बघून गेली. "आत काय आहे?" असं कोणी विचारलं, की बाई शांतपणे म्हणायच्या, "यायचंय." मग पाडव्याला मदरबोर्ड आला, अक्षय्य तृतीयेला प्रोसेसर आला, मागोमाग स्क्रीन आणि बाकीचं सामान. राहता राहिली रॅम. बोटभर लांबीची पट्टी, पण तिच्यावाचून सगळा खेळ थांबतो. आणि नेमके तिचेच भाव चढायला लागले.

एकदा मी त्यांच्याबरोबर स्टेशनजवळच्या दुकानात गेलो.

"मावशी, काय सांगू," दुकानदार म्हणाला, "ते एआयवाले सगळा माल उचलतायत. रेट डबल झालाय. आजच घेऊन टाका, पुढच्या आठवड्यात अजून चढणार."

"चढणार ना? नक्की?"

"लिहून देतो, मावशी."

"मग पुढच्या आठवड्यात येते," असं म्हणून बाई प्रसन्न चेहऱ्याने पायऱ्या उतरल्या. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहिलं.

रिक्षात मला राहवलं नाही. "बाई, हे काय चाललंय तुमचं?"

बाईंनी मांडीवरची पिशवी सारखी केली. मग म्हणाल्या, "नितीन फोनवर काय बोलतो माहितीये? जेवलीस का, गोळी घेतलीस का, ठेवतो. तीन मिनिटंसुद्धा भरत नाहीत. एकदा सहज विचारलं, अरे, ती रॅम रॅम म्हणतात ती काय असते? तर पोरगा अर्धा तास बोलला, देसाई. मधेच हसला. मला समजावून सांगताना वैतागला नाही. मी म्हटलं, हे बरं सापडलं."

तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी नितीनचा फोन यायचा. कुठला प्रोसेसर, कुठली कंपनी, पंखा किती मोठा. बाई मुद्दाम वेड पांघरून तेच तेच विचारायच्या. शेवटी तो म्हणायचा, "आई, आत्ता रॅम नको घेऊस, महाग आहे. मी बघून सांगतो पुढच्या रविवारी." बाईंना आणखी काय हवं होतं? भाव चढा राहील तोवर पुढचा रविवार पक्का. रिक्षातल्या त्या बोलण्यापासून मीही बातम्यांत रॅमचा भाव शोधू लागलो आणि चढलेला दिसला की मनातल्या मनात बरं म्हणू लागलो.

पण भाव काही उतरेना, आणि नितीनला आईची दया आली. त्याने स्वतःच्या मशीनमधल्या चार पट्ट्यांपैकी दोन काढल्या आणि डिलिव्हरीवाल्याबरोबर कल्याणला पाठवून दिल्या. मग व्हिडिओ कॉल लावला. मी फोन धरून उभा राहिलो, बाईंनी पट्ट्या बसवल्या. बटण दाबलं आणि स्क्रीनवर उजेड आला.

"झालं, आई! आता काही अडचण नाही ना?" नितीन खूश होऊन म्हणाला.

"नाही रे."

"चल मग, ठेवतो."

मुलगा वाईट नाही. जवळची वस्तू काढून देणारा मुलगा वाईट कसा म्हणायचा? पण त्यानंतरच्या रविवारी फोन आला तो पुन्हा जेवण आणि गोळीपुरताच. त्याच्या पुढच्या रविवारी आलाच नाही. त्या आठवड्यात आमची ही बाईंकडे बसून माहेरची गाऱ्हाणी सांगत होती. बाईंनी सगळी मुकाट ऐकली, तीन मिनिटांचं नाव काढलं नाही. घरी येऊन ही म्हणाली, "त्यांचं काहीतरी बिनसलंय हो."

दोन दिवसांनी बाईंनी मला हाक मारली. कॉम्प्युटरचा खोका उघडा पडला होता आणि रॅमच्या दोन्ही पट्ट्या टेबलावर स्टीलच्या वाटीत ठेवलेल्या.

"बिघडला?"

"नाही. मीच काढल्या."

"अहो, का पण?"

"चालू होतो ना तो," बाई म्हणाल्या.

त्यांनी नितीनला फोन लावला. इतकी वर्षं हेडफोन लावून डावा कान अधू झालाय, त्यामुळे त्या फोन नेहमी स्पीकरवरच ठेवतात.

"अरे नितीन, कॉम्प्युटर चालू होत नाहीये."

"रॅम हलली असेल. काढून परत बसव."

"मला नाही जमत रे. तू येऊन बघतोस का रविवारी?"

पलीकडे कोणाशी तरी इंग्रजीत बोलल्याचा आवाज आला. मग नितीन म्हणाला, "आई, नाही गं जमणार. एक काम कर, स्टेशनजवळच्या त्या दुकानवाल्याला घरी बोलव. पैसे मी लगेच पाठवतो. मीटिंगमध्ये आहे, ठेवतो हं."

फोन बंद झाला. बाईंनी तो टेबलावर पालथा ठेवला. हातभर अंतरावर बसून मी शब्द न् शब्द ऐकला होता, आणि ते बाईंनाही ठाऊक होतं.

"येतो म्हणाला," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "रविवारी."

"छानच झालं मग," मी म्हणालो. "जेवायला असेल ना?"

"म्हणजे काय!" बाई म्हणाल्या, आणि वाटीतली एक पट्टी उचलून पदराने पुसू लागल्या.