खवा लागलेलं बटन

सकाळचे अकरा वाजले होते आणि उत्तरेश्वरच्या कढईत पंचवीस लिटर दूध आटत आलं होतं. त्याचे दोन्ही हात उलथन्यावर होते. दोन्ही कानांत कालच भूमच्या बाजारातून आणलेला हेडफोन होता. वाफ लागू नये म्हणून फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, वर रबर लावून सदऱ्याच्या खिशात ठेवला होता. पिशवीच्या तोंडातून वायर निघून कानापर्यंत गेली होती.

"अवं, खवा करताय का सलाईन लावून घेतलंय?" त्याच्या बायकोनं, गिरिजाबाईनं विचारलं.

उत्तरेश्वर नुसतं उलथनं फिरवत राहिला. चार वर्षं झाली, तो असाच दमलेला होता. भट्टीची धग माणूस सोसतो, धाकट्या भावाला थोरल्या बहिणीचा राग सोसत नाही.

गोष्ट अशी. त्याची थोरली बहीण धुरपदाबाई भूमजवळच्या वाशीला दिलेली. तिच्या शंभूचं लग्न चार वर्षांपूर्वी झालं. मंगलाष्टकाची वेळ झाली तेव्हा माईकवरून पुकारा झाला, नवरदेवाच्या मामांनी ताबडतोब मंडपात यावं. एकदा झाला, दोनदा झाला, तीनदा झाला. मामा मंडपामागं पेढ्यासाठी खवा आटवत होता. शेवटी दूरचा चुलतभाऊ गोरोबा नवरदेवाच्या पाठीमागं उभा राहिला. पुढं जन्मभर टिकणाऱ्या सगळ्या फोटोंत मामाच्या जागी तोच आला, तोही डोळे मिटलेला. "भट्टीच्या आवाजात मला ऐकू आलं न्हाय," असं उत्तरेश्वरनं आक्काला सांगितलं. आक्कानं ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून बोलणं टाकलं. चार भाऊबिजा कोरड्या गेल्या.

आता आठ दिवसांवर भाची अर्पिताचं लग्न आलं होतं. मुलीच्या लग्नात मामाचा मान तर आणखी मोठा. काल अर्पितानंच मामीला चोरून फोन केला होता. "मामी, आई उद्या बाराच्या आत मामाला फोन करणार हाय. पहिल्या झटक्यात उचलायला सांगा. न्हाय उचलला तर गोरोबामामाला उभं करायचं ठरलंय. आन मामानं आपणहून फोन करायचा न्हाय, आई उचलणार न्हाय म्हणतीय."

आता बाराच्या आत म्हणजे नेमकी खव्याची वेळ. दुधाला काही सुट्टी नसते. आलं की आटवायचं, नाहीतर नासतं. आणि खवा गोळा व्हायला आला की उलथनं एक मिनिट सोडायची सोय नाही, लगेच तळाला धरतो. गिरिजाबाईचा उजवा खांदा दोन महिने आखडलेला, तिच्या हातून उलथनं फिरत नव्हतं. म्हणून हेडफोन. मोबाईल दुकानातल्या मुजम्मिलनं सांगितलं होतं, "मामा, एकदम सोप्पं हाय. मधलं बटन दाबलं की फोन उचलला. परत दाबलं की बंद. वरचं दाबलं की आवाज वाढतो, खालचं दाबलं की कमी. फक्त हात कोरडा ठेवा."

अकरा वाजून दहा मिनिटांनी कानात घंटी वाजली.

"आली! आक्काच असणार!" उत्तरेश्वर ओरडला. त्यानं उजवा हात उलथन्यावरून काढला आणि मधलं बटन दाबलं. हात कोपरापर्यंत खव्यानं माखलेला होता.

"उत्तऱ्या," आक्काचा आवाज आला. चार वर्षांनी आला. "आक्का..." म्हणायला त्यानं तोंड उघडलं, आणि खव्यानं चिकटून आत बसलेलं बटन त्याच क्षणी आपोआप टुक करून वर आलं, परत आत गेलं, आणि फोन कट झाला.

"काय म्हणल्या?" गिरिजाबाईनं विचारलं.

"उत्तऱ्या म्हणली."

"मंग?"

"मंग म्या कापला."

गिरिजाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "चार वर्सांनी बाईनं फोन केला आन तुमी कापला! धन्य हाय तुमची."

"म्या न्हाय, बटनानं कापला! अगं, लाव त्या मुजम्मिलला. तुझ्या फोनवरनं लाव."

गिरिजाबाईचा फोन जुना, बटनांचा. उत्तरेश्वरच्या फोनवर काचेवर बोट सरकवावं लागतं, ते तिला जमत नव्हतं; मागं एकदा तिनं प्रयत्न केला तेव्हा फोनची बॅटरी दिवसभर पेटलेली राहिली होती. तिनं मुजम्मिलला फोन लावला, नवऱ्याच्या डाव्या कानातली हेडफोनची गोळी उपसून काढली आणि तिथं आपला फोन धरून उभी राहिली. उजव्या कानात हेडफोन तसाच.

"मामा, पिन काढा, पुसा, परत घाला," मुजम्मिल म्हणाला.

"पिन काढली आन तेवढ्यात आक्काचा फोन आला तर? माझे दोन्ही हात उलथन्यावर हायेत."

"मंग मामीला बटन पुसायला सांगा."

गिरिजाबाईनं पदरानं पुसलं. खवेवाल्याच्या बायकोचा पदर तो, त्यालाही तूप लागलेलंच. मधलं बटन जरा मोकळं झालं, पण आता खालचं चिकटलं. उत्तरेश्वरच्या कानात टुक टुक टुक असा आवाज व्हायला लागला. तो बारीक बारीक होत गेला आणि थांबला.

"आता तर काहीच ऐकू येईना," उत्तरेश्वर म्हणाला.

"फिकीर नका करू. मधलं बटन पटापट दोनदा दाबा. कधी कधी तेवढ्यानं बी सुटतं."

त्यानं दोनदा दाबलं. काही झालं नाही. घंटी नाही, खरखर नाही, काही नाही. हेडफोन मेला अशी त्याची खात्री झाली. कढईतून तुपाचा वास सुटायला लागला होता आणि घड्याळात अकरा वीस झाले होते.

"मामा, खरं सांगा, खव्याच्या हातानंच दाबलं न्हवं बटन?"

"व्हय. चुकलं माझं. कबूल करतो."

"म्या काल किती बजावलं हुतं?"

"लई बजावलं हुतंस. म्या ऐकलं न्हाय. मला कुणाचं ऐकायची सवयच न्हाय, बघ."

"आता एक काम करा. दहा मिनिटं बटनाला अजिबात हात लावू नका. वाळू द्या, आपोआप सुटंल. गप उभं ऱ्हावा."

"बरं. तू म्हणशील तसं. ह्यो बघ, गप उभा ऱ्हातो."

मुजम्मिलनं फोन ठेवला. उत्तरेश्वर खरोखरच गप उभा राहिला. आयुष्यात इतका वेळ तो कधी गप राहिला नसेल. उलथनं फिरत होतं, खवा घट्ट होत होता, भिंतीवरचा काटा पुढं सरकत होता. आक्काचा फोन परत येईल, आता येईल, म्हणून त्यानं सगळा जीव त्या मेलेल्या गोळीवाल्या कानात आणून ठेवला होता. मधेच तो सुस्कारा सोडी. एकदा नाक ओढलं. धुरामुळं असेल.

साडेअकरा वाजले तसं गिरिजाबाईला राहवलं नाही. "आता कशाचा येतोय फोन! गोरोबा भावजींनी फेट्याला इस्त्री केली आसंल. त्या दिवशी बी तुमी असंच उलथनं धरून बसला हुता. ऐकू आलं न्हाय म्हणं."

उत्तरेश्वरचा हात थांबला.

"ऐकू आलं हुतं," तो म्हणाला.

"काय?"

"आलं हुतं गं ऐकू. तिन्ही बारी आलं हुतं. आता एवढा एक कढ आला की जातो, आता एवढा एक, असं करत ऱ्हायलो. वाटलं, मंगलाष्टकं काय, अर्धा तास चालत्यात. आन खवा जळला असता तर व्याह्याम्होरं नाचक्की. मंडपात गेलो तवा अक्षता पडून गेल्या हुत्या. आक्कानं विचारलं, तर भीतीनं खोटं बोललो. आन एकदा बोलल्यावर चार वर्सं तेच रेटीत ऱ्हायलो." त्यानं उलथनं एकदा फिरवलं. "आईमागं तिनंच मला वाढवलं गिरिजा. पाठीवर घेऊन शाळेत सोडायची. आन म्या तिच्या लेकाच्या पाठीशी दहा मिनिटं उभा ऱ्हायलो न्हाय."

गिरिजाबाईच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. नवऱ्यानं आपणहून चूक सांगितल्याची तिला आठवण नव्हती. ती एवढंच म्हणाली, "मंग आता बी कढई धरून बसणार का?"

खवा गोळा झाला होता. अजून दहा मिनिटं हालवला असता तर भूम तालुक्यात नाव निघावं असा उतरला असता. उत्तरेश्वरनं त्याच्याकडं पाहिलं आणि उलथनं कढईतच टाकलं.

"जळू दे खवा! फोन न्हाय उचलला तर न्हाय. म्या वाशीला जातो. दारात उभं करील, नाहीतर हाकलून देईल. पण आज जातो."

"अवं, हात तरी धुवा!"

त्यानं हात धुतले न धुतले आणि मोटारसायकलला किक मारली. गिरिजाबाईनं डाव्या हातानं भट्टीतली लाकडं ओढली, पण तापलेली कढई काय ऐकते? तो वेशीपर्यंत पोचला तेव्हा करपल्याचा वास त्याच्यामागं येत होता. खिशात पिशवी, पिशवीत फोन आणि गळ्यात वायर लोंबकळत, तशीच गाडी वाशीच्या रस्त्याला लागली. खड्डे चुकवायला त्याला सवड नव्हती. प्रत्येक खड्ड्याला तो "आई गं" म्हणत होता.

बारा वाजायला चार मिनिटं असताना तो आक्काच्या दारात पोचला. आक्का ओट्यावर बसली होती. फोन कानाला होता. त्याला बघूनही तिनं फोन कानावरून काढला नाही.

"गाडी बंद कर आधी," ती म्हणाली. "मघापासनं कानात नुसती फटफट चाललीया."

उत्तरेश्वरला काही कळेना. त्यानं गाडी बंद केली. रबर काढलं, पिशवी सोडली, फोन बाहेर काढला. काचेवर आक्काचं नाव होतं आणि खाली आकडे पळत होते, पस्तीस मिनिटं आणि वर काही सेकंद. बटन दोनदा दाबलं की शेवटच्या नंबरला फोन लागतो, हे मुजम्मिलनं त्याला पुढं कधीतरी सांगितलं. खालचं बटन अडकून आवाज पार बंद झालेला, त्यामुळं आक्काचं त्याला काही ऐकू आलं नव्हतं. त्याचं मात्र आक्काला ऐकू जात होतं.

"तू केलेला फोन उचलणार नव्हते," आक्का म्हणाली. "पण आधी माझा कापलास, म्हणून चार शिव्या द्याव्या म्हणलं. उचलला, तर पहिलंच वाक्य, चुकलं माझं, कबूल करतो." तिनं पदर डोळ्याला लावला. "मंग चार वर्सांचं साठलेलं सगळं बोलून घेतलं. आन तू गप ऐकलंस उत्तऱ्या. मधी एक अक्षर बोलला न्हाईस. जलमात पहिल्यांदा."

उत्तरेश्वरनं फोन परत खिशात घातला.

"आन पुकाऱ्याचं बोललास तवा मला रडू फुटलं, म्होरचं तुझं काय समजलं न्हाय. तिन्ही बारी ऐकू आला हुता न्हवं?"

"आला हुता आक्का," तो खाली मान घालून म्हणाला.

"मला त्या दिवशीच ठावं हुतं. भट्टी मंडपाला चिकटून हुती. फक्त तुझ्या तोंडून ऐकायचं हुतं." आक्कानं फोन बंद करून ओट्यावर ठेवला. "अर्पिताच्या मागं तूच उभा ऱ्हायचं. अर्पिताकडनं गोरोबाला कळवलंय म्या मघाशीच. बस आता. बरं, म्या शेवटी काय म्हणले ते ध्यानात हाय न्हवं?"

ऐकू आलं न्हाय, असं म्हणायला उत्तरेश्वरचे ओठ उघडले. आज ते शब्दन् शब्द खरं होतं. पण या ओट्यावर, या बाईपुढं ते वाक्य चार वर्षांपूर्वी एकदा वापरून झालं होतं. त्यानं ते गिळलं.

"हाय की," तो म्हणाला. "ये म्हणलीस."

आक्का त्याच्याकडं बघत राहिली. त्याचे रिकामे हात बघितले, गळ्यातली खवा लागलेली वायर बघितली, सदऱ्यावरून येणारा करपल्याचा वास घेतला. मग तिला सगळा उलगडा झाला असावा, कारण ती पहिल्यांदा हसली.

"येताना पाच किलो खवा घिऊन ये म्हणले," आक्का म्हणाली. "आज व्याही यायचेत पेढे न्यायला."

मग ती चहा टाकायला आत गेली.