तिरंगी असेल तर बाईच

शेपूट न उचलता मांजरी की बोका हे सांगणारी बाई अख्ख्या अंबरनाथमध्ये एकच, आमच्या शेजारच्या मोहिते मॅडम. शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या, एकट्या राहायच्या. कॉलनीत कुणाच्या दारात मांजर दिसलं की लांबूनच ओरडायच्या, "काळं, तांबडं, पांढरं? मग बाईच ती! रंग सांगतोय की!"

कारण विचारायची सोय नव्हती. मी एकदा दुधाची पिशवी हातात असताना विचारलं, तर जिन्यातच तास सुरू.

"मादीला एक्स गुणसूत्रं दोन, आणि काळा की तांबडा हे ठरतं त्या एक्सवरच. पोटात गर्भ म्हणजे जेमतेम मूठभर पेशी असतात ना, तेव्हाच प्रत्येक पेशी आपल्यापुरतं एक झोपवून टाकते. कुठं काळ्या रंगाचं झोपतं, कुठं तांबड्याचं. पुढं त्या पेशीची सगळी पिलावळ तेच चालवते. म्हणून ही ठिगळं! बोक्याकडे एक्स मुळात एकच. तो बिचारा दोन्ही रंग आणणार कुठून?"

दूध नासलं, पण पटलं.

या विद्येनं भलताच घोळ झाला. मांजरी पिल्लं घालत बसते म्हणून लोकांना बोकाच हवा असायचा. पूर्वी कळेपर्यंत पिल्लू घरात रुळून जायचं. आता पोरंटोरंसुद्धा "तिरंगी? नको, बाई आहे!" म्हणायला लागली. मग सगळ्या नको असलेल्या तिरंगी मॅडमच्याच पदरात. "माझ्याच जिभेनं घात केला हो," म्हणत त्या बशीत दूध ओतायच्या.

अशात आम्हाला तिसरी मुलगी झाली. साताऱ्याहून आलेली माझी आई ऐन बारशात म्हणाली, "हिचं नाव नकुशी ठिवा. आपल्याकडची रीतच हाय. म्हंजी फुडचा ल्योक हुतो."

बायको पाळण्याची दोरी धरून रडायला लागली.

मॅडम एक तिरंगी पिल्लू कडेवर घेऊनच आल्या होत्या. ते खाली सोडून त्या आईशेजारी जमिनीवर बसल्या.

"आजी, दाखल्यावर माझं नाव काय आहे, ठाऊक आहे? नकुशा. मीही तिसरीच. आई हाक मारायची आणि मी धावत जायचे. नको गं, नको गं, असं ती म्हणतेय, हे कळायला मला फार वर्षं लागली."

आईनं डोळ्याला पदर लावला. मग हळूच विचारलं, "मागनं भाऊ झाला का गं?"

"छे! चौथीही बहीणच."

आईला हसूच फुटलं. तिनं बाळ उचललं आणि मॅडमच्या मांडीवर दिलं. "घे. आत्याचा मान तुझा. तूच सांग कानात नाव."

कानात हळू सांगायचं नाव मॅडमनी वर्गात सांगतात तसं ठणठणीत सांगितलं, "आवडी!"

तेव्हापासून आमच्या घरात त्यांना मॅडम कुणी म्हणत नाही, आत्याच म्हणतात. आणि ते तिरंगी पिल्लू आई गावाला घेऊन गेली. मी म्हटलं, "अगं, बाई आहे ती."

"मला म्हाईत हाय," आई म्हणाली. "म्हणूनच नेते."