तिसावं वाक्य

चष्मेवाले आणि त्यांची बायको, दोघांनी मिळून इंग्रजी शिकायला घेतलं आणि ते निम्मं निम्मं वाटून घेतलं. सगळा घोटाळा तिथंच झाला.

त्यांची मुलगी नोकरीसाठी दूरदेशी राहायची. मागच्या वर्षी तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं. आईवडिलांना व्हिसा मिळेतो ती बरी होऊन कामावर रुजूही झाली. मधले अकरा दिवस तिच्या उशाशी कोण बसलं, तर तिची घरमालकीण. वयानं सत्तरीची, नात्याची ना गोत्याची. तिनं पोरीला चमच्यानं सूप भरवलं, तिचे केस विंचरले, तिला हाताला धरून चालवलं. आता तीच मालकीणबाई मुलीबरोबर चार दिवस राहायला येणार होती.

"आभार आपल्या तोंडानं मानायचे," बायकोनं बजावलं. "पोरीला मधे घातलं तर ती दोन शब्दांत उरकून टाकेल."

"पण बोलायचं कशात?"

"परदेशातली बाई म्हणजे इंग्रजीतच की. हे काय विचारणं झालं?"

चष्मेवाल्यांनाही ते पटलं. मुलीला विचारावं, असं दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही.

वरच्या मजल्यावर इंग्रजीच्या निवृत्त शिक्षिका राहायच्या. त्यांनी आनंदानं पाहुण्यांशी बोलायची एकोणतीस वाक्यं लिहून दिली. तिसावं वाक्य चष्मेवाल्यांच्या बायकोनं मुद्दाम मागून घेतलं. ‘तुम्ही आमच्या लेकीला आईच्या मायेनं जपलंत, हे आम्ही जन्मभर विसरणार नाही.’ हे दोघांनी मिळून म्हणायचं होतं. बाकीची वाक्यं साठीच्या डोक्यांत मावेनात, म्हणून सरावापुरती वाटणी झाली. बायको यजमान झाली आणि विचारायची वाक्यं तिच्याकडे गेली. चष्मेवाले पाहुणे झाले आणि उत्तरं त्यांच्या वाट्याला आली. बायको कणीक मळताना विचारायची, हे गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काच घासता घासता उत्तर द्यायचे. महिन्याभरात दोघांचं चोख पाठ झालं. अडचण एकच होती. पाढ्यासारखं पाठ केल्यामुळे कुठलंही वाक्य मधूनच म्हणता यायचं नाही. तिसाव्यापर्यंत पोचायचं तर पहिल्यापासूनच निघावं लागायचं.

ठरलेल्या दिवशी सकाळी टॅक्सी दाराशी आली. ती बघताच बायकोच्या डोक्यातून पहिलं वाक्य उडालं आणि ती मागच्या जिन्यानं शिक्षिकाबाईंकडे धावली. शिक्षिकाबाई कसल्या तिला एका वाक्यावर सोडतायत? त्यांनी तिला समोर बसवून पहिल्यापासून म्हणायला लावलं.

इकडे मुलीच्या लक्षात आलं की आपल्या बॅगेऐवजी दुसऱ्याच कुणाची तरी बॅग आली आहे.

"बाबा, मी अर्ध्या तासात बदलून आणते. तुम्ही दोघं बसा गप्पा मारत," असं म्हणून ती त्याच टॅक्सीनं परत गेली.

गप्पा मारत म्हणे. उंबऱ्यात एक बुटकी, गोरीपान म्हातारी हसत उभी होती, आणि चष्मेवाल्यांच्या पोतडीत नुसती पाहुण्याची वाक्यं होती. बायकोची वाट बघण्यात दोन मिनिटं गेली. शेवटी त्यांनी होतं तेच बाहेर काढलं.

"आय अ‍ॅम फाइन, थँक यू."

म्हातारीनं मान डोलावली.

"द जर्नी वॉज व्हेरी कम्फर्टेबल," चष्मेवाले स्वतःच्याच दारात उभं राहून म्हणाले. "युअर हाउस इज ब्युटिफुल."

म्हातारी जरा गोंधळली. तिनं पर्समधून एक चिमुकलं पुस्तक काढलं, चष्मा चढवला आणि पानावरून बोट फिरवलं. बोट एका जागी थांबलं तसा तिचा चेहरा खुलला.

"प्लीज कम इन," ती म्हणाली. "प्लीज सिट डाउन."

चष्मेवाले आपल्याच घरात पाहुणे म्हणून गेले आणि खुर्चीत गुडघे जुळवून बसले. काही का असेना, गाडी रुळावर आली होती. अशीच चालली तर तिसाव्यापर्यंत सुखरूप पोचता येणार होतं. तेवढ्यात म्हातारीच्या चष्म्याची उजवी काडी लोंबताना त्यांना दिसली. त्यांनी हात पुढे केला, खिशातला बारीक स्क्रूड्रायव्हर काढून स्क्रू पिळला आणि चष्मा पुसून परत दिला. एवढ्या कामाला त्यांना एकही वाक्य लागलं नाही. महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांना हायसं वाटलं.

म्हातारीनं पुढचं पान उलटलं. "विल यू हॅव टी?"

"येस, प्लीज. लेस शुगर."

म्हातारी उठली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली.

वीस मिनिटांनी आपल्या वाट्याची सगळी वाक्यं घोटून बायको खाली आली, तर पाहुणी ओट्याशी उभी राहून चहा गाळत होती आणि नवरा खुर्चीत पाय हलवत बसला होता.

"अहो, लाज वाटते का? त्यांना काय कामाला लावलंय?"

"मधे बोलू नकोस," चष्मेवाले कुजबुजले. "सतराव्यावर आलोय. थांबलो तर परत पहिल्यापासून."

बायकोनं परिस्थिती ओळखली. मात्र तिच्याकडेही विचारायचीच वाक्यं होती. त्यामुळे दोन यजमान आणि एक पाहुणा असा कारभार सुरू झाला. एक चहा देई, दुसरी बिस्किटं सरकवी. "प्लीज टेक वन मोअर," असं एकीनं म्हणून झालं की दुसरी म्हणे, आणि ते खाल्ल्याशिवाय पुढचं वाक्य निघत नसे. अकरा बिस्किटांनंतर एकोणतिसावं आलं. मग नवराबायको उभी राहिली. बायकोनं म्हातारीचे हात हातात घेतले आणि दोघांनी तिसावं वाक्य म्हटलं. एक शब्द चुकला नाही. म्हणता म्हणता बायकोच्या डोळ्यांना धारा लागल्या.

म्हातारीनं पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं. त्यात हे वाक्य नव्हतं.

त्याच वेळी मुलगी बॅग घेऊन आत आली. "हे काय चाललंय? आई, तिला इंग्रजी येत नाही. आम्ही तिच्या भाषेत बोलतो."

"मग हे पुस्तक?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

मुलीनं म्हातारीला विचारलं आणि डोक्याला हात लावला. "फोनवर तुम्ही हॅलो म्हणता ना, म्हणून तिला वाटलं तुम्ही घरात इंग्रजीच बोलता. महिनाभर पुस्तक घेऊन बसायची. मी समजत होते कोडी सोडवते."

बायको मटकन खाली बसली. "म्हणजे एवढं बोललो ते त्यांना कळलंच नाही?"

मुलीनं पुन्हा विचारलं. या वेळी म्हातारी बराच वेळ आपल्या भाषेत बोलली. "ती म्हणते, एकच शब्द कळला, डॉटर," मुलगी म्हणाली. "बाकीचं तुमच्या तोंडांवर वाचलं. आणि तिलाही एक वाक्य बोलायचंय. ते पुस्तकात नव्हतं, तिनं कुणाकडून तरी लिहून घेतलंय."

म्हातारीनं चष्मा काढला, पुस्तक मिटलं आणि चष्मेवाल्यांच्या बायकोकडे बघत एकेक शब्द सावकाश उच्चारला.

"माय हाउस वॉज एम्प्टी. थँक यू फॉर युअर डॉटर."

मुलीनं मराठीत सांगायला तोंड उघडलं.

"राहू दे गं," चष्मेवाले डोळे पुसत म्हणाले. "एवढं इंग्रजी येतं आम्हाला."