दाजीची बिनइस्त्रीची शिवण

दाजी टेलरशी बोलायला उभं राहिलं, की त्याचा हात तुमच्या शर्टाकडे यायचाच. बोलणं मासळीच्या भावाचं, आणि अंगठ्याचं नख तुमच्या खांद्याच्या शिवणीवरून सावकाश फिरतंय. एका लग्नात अंतरपाट धरलेला असताना पुढे होऊन त्याने नवऱ्याची बाही दाबली. भटजी थांबले, दाजी थांबला नाही.

वेंगुर्ल्याच्या बाजारात त्याच्या दुकानाला लागून माझा एसटीडी बूथ होता. मोबाइल आले, गिऱ्हाईक आटलं. मग दिवसभर त्यालाच बघत बसायचं. शिवण मारली की तो कापड मांडीवर घ्यायचा, शिवणीच्या कडा उघडायचा आणि नखाने दाबत जायचा. दुपारपर्यंत अंगठा सुजलेला.

"दाजी, एक इस्त्री घे रे."

"कित्याक? नखाक लाइट लागना नाय. मुंबयत आता सगळे नखानच दाबतत."

विजेचं बिल वाचवतो, चिकट आहे, असं गावभर मीच सांगितलं. लोक अजून तेच सांगतात. आता दाजी नाही, त्याची बायकोही नाही. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

शेवटी तो अंगठा बघवेना, म्हणून घरातली जास्तीची इस्त्री घेऊन गेलो. "दाजी, ही घे" म्हणेपर्यंत त्याने माझं तोंड दाबलं. आत त्याची बायको, सुमतीवहिनी, बसल्या होत्या.

"हिचे डोळे गेले, तरी इस्त्री सोडीना," तो कुजबुजला. "हात भाजून घेतल्यान. काम बंद कर म्हटलंय तर जेवाण सोडल्यान. मगे सांगलंय, इस्त्रीची फॅशनच गेली. आता नखान दाबता. मी पण दाबतंय."

"कोण इलो ओ?" आतून हाक आली.

"बूथवालो. खाजां घेवन इलोहा!" दाजी ओरडला, आणि थाप निभावायला खाजं आणायला पळाला.

मी आत गेलो. वहिनींचं नख पायजम्याच्या शिवणीवरून चाललं होतं.

"इस्त्रीच मा ती, भावोजी? वायरीची पीन पायरीर आपाटली, ती आयकलंय." त्यांनी आवाज उतरवला. "ह्येंका वाटता, इस्त्री अजून चलता ता माका ठावक नाय. वाटांदे. नायतर परत काळजी करीत बसतले."

दाजी धापा टाकत आला. वहिनींनी मोठ्याने विचारलं, "भावोजी, अजून कोण इस्त्री वापरता काय ओ?"

दाजी माझ्याकडे बघत राहिला.

"छे वहिनी," मी म्हटलं, "आता कोण वापरतलो!"

त्याने श्वास सोडला आणि पायजम्याचा दुसरा पाय वहिनींच्या मांडीवर सरकवला.