मध्येच गप्प झालेलं फंक्शन

जावास्क्रिप्टच्या पोटात शिरून चूक पकडणारा आपल्यासारखा दुसरा माणूस नाही, असं भिंगसाहेब म्हणत. दुसरं कोणी म्हणत नसल्यामुळे त्यांना ते रोज म्हणावं लागे. ऐकायचं काम सहायक बाईंकडे होतं.

त्या दिवशी बाईंचा जीव टांगणीला होता. फंक्शनने, म्हणजे प्रोग्रामच्या एका तुकड्याने, काम करता करता थांबावं, त्याला कामाला लावणाऱ्या वरच्या कोडला प्रश्न विचारावा आणि उत्तर मिळताच थांबल्या जागेवरून पुढे चालावं. हे लिहायची पद्धत त्यांनी वर्षभर खपून बसवली होती. दुपारी भाषेत काय घ्यायचं ते ठरवणाऱ्या समितीपुढे नमुना चालला नाही, तर ती केराच्या टोपलीत जाणार होती. आणि सकाळपासून फंक्शन नाव विचारी, वरचा कोड ते शोधी, मग चिडीचूप. चूक झाल्याची सूचनाही नाही.

"खून," भिंगसाहेब म्हणाले.

"सर, ते नुसतं थांबलंय."

"मेलेली माणसंही थांबलेलीच असतात, बाई."

आधी संशय अर्धविरामावर गेला, कारण तो जागेवर नव्हता. तो तिथे नसायलाच हवा होता, असं निघालं. मग ब्राउझरवर. दुसऱ्या ब्राउझरमध्येही फंक्शन तितक्याच शांतपणे थांबलं.

"म्हणजे टोळी आहे!"

तेवढ्यात घरून वहिनींचा फोन आला. साहेबांनी तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"अहो, नळवाला आलाय. गच्चीची चावी कुठाय?"

"थांब, बघतो."

चावी त्यांच्याच बॅगेत निघाली. त्यांनी ती समाधानाने पाहिली, परत बॅगेत टाकली आणि टोळीकडे वळले.

बऱ्याच वेळाने टेबल बोललं, "अहो! नुसती शोधून काय उपयोग? विचारणाऱ्याला सांगायला नको?"

बाई ताठ बसल्या. सापडलेलं उत्तर फंक्शनकडे परत धाडणारी 'रिझ्यूम'ची ओळ त्यांनी स्वतः लिहिली होती. आता ती तिथे नव्हती.

"सर, इथली ओळ?"

"ती? सकाळी काढली. शेवटी एकटीच लोंबत होती. बरं दिसत नव्हतं."

बाईंनी ओळ परत लिहिली. फंक्शन थांबल्या जागेवरून मुकाट चालू लागलं.

दुपारी नमुना चालला. खुनी कसा हेरला, हे भिंगसाहेबांनी समितीला सविस्तर सांगितलं. बाईंनी एवढंच सुचवलं, की रिझ्यूम लिहायचा राहून गेला तर इशारा यावा.

"कशाला?" समितीप्रमुख म्हणाले. "उत्तर शोधून परत न सांगणारा माणूस असतो का कुठे?"

"अशक्य," भिंगसाहेब म्हणाले.

"अहो," त्यांचा खिसा म्हणाला, "नळवाला गेला."

समितीप्रमुखांनी खिशाकडे पाहिलं आणि बाईंची पद्धत इशाऱ्यासकट मंजूर केली.